डावी बाजू

"वैजू, हे तुझे आप्पा नव्हेत ना?"

रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता मी मान वर केली. सांगलीतल्या लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी शबाना मोबाइल पुढं धरून उभी होती. तिला उत्तर ठाऊक होतं. फक्त माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं होतं.

व्हिडिओ सायकलच्या हँडलवर बसवलेल्या कॅमेऱ्यानं घेतलेला होता. नुकतं उजाडलेलं. आमचाच तासगाव-सांगली रस्ता, दोन्ही अंगाला द्राक्षबागा. कॅमेऱ्याच्या पुढं पिवळं जर्किन घातलेली एक मुलगी रस्त्याच्या अगदी कडेनं सायकल चालवत होती. मागून कंपनीच्या कामगारांची बस आली. मागच्या काचेवर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' लिहिलेलं. ती अक्षरं आप्पांनी स्वतः पेंटरशेजारी उभं राहून काढून घेतली होती. बस त्या मुलीला जवळजवळ घासून गेली. मुलगी सायकलसकट चरीत कोसळली. बस थांबली तर नाहीच, तिचा वेगही कमी झाला नाही.

मग पुढचा तुकडा. माधवनगरला बस उभी आहे, कामगार उतरतायत, आणि कॅमेऱ्यामागून धापा टाकत एक बाई ओरडतेय, "अहो, एका मुलीला पाडून आलाय तुम्ही! थांबायचं कळत नाही?"

खिडकीतून आप्पांचा चेहरा बाहेर आला. शांत, जरा गोंधळलेला.

"कुठली पोरगी? मला न्हाई दिसली."

एवढं बोलून त्यांनी गिअर टाकला.

खाली बसचा नंबर होता आणि एक ओळ: 'हा चेहरा लक्षात ठेवा.' पानाचं नाव 'वाट द्या'. सायकलवाल्यांच्या अंगावर गाडी घालणाऱ्यांना उघडं पाडणारं ते पान सांगलीत बऱ्याच जणांना माहीत होतं. मीही त्यातले व्हिडिओ बघितले होते, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना आणि डंपरवाल्यांना चार शिव्या मनातल्या मनात घातल्या होत्या.

"आप्पाच आहेत," मी म्हणाले आणि नळ्या तशाच टाकून घरी निघाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आप्पाही राहिले नाहीत. पण 'मला न्हाई दिसली' हे वाक्य अजून कुणीतरी कुठंतरी गंमत म्हणून वापरतं, आणि ते कुणाच्या तोंडचं आहे हे त्याला माहीत नसतं.

आमचे आप्पा, महादेव गुरव, तासगावातले जुने ड्रायव्हर. तरुणपणी द्राक्षांचे ट्रक घेऊन दिल्ली-कोलकात्यापर्यंत गेलेले. पुढं आईनं लांबचा प्रवास बंद करायला लावला, तेव्हा तासगावातून कुपवाडच्या कारखान्यात कामगार नेणाऱ्या बसवर लागले. उभ्या हयातीत गाडीला ओरखडा नाही, याचा त्यांना फार अभिमान. दसऱ्याला घरच्या देवाआधी बसला हार पडायचा.

मी घरी पोचले तेव्हा ते सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. बसच्या मालकाचा फोन येऊन गेला होता. 'आप्पा, थोडे दिवस घरीच थांबा, लोक लई तापल्यात.' आईनं व्हिडिओ बघितलाच नव्हता. शेजारच्या सुनेनं तो मोठ्या आवाजात लावला होता, तेवढा भिंतीपलीकडून ऐकला होता.

"आप्पा, खरं सांगा. बघून न बघितल्यासारखं केलं का?"

"न्हाई गं. मला न्हाई दिसली."

पुन्हा तेच वाक्य. माझाही विश्वास बसला नाही. व्हिडिओत ती मुलगी इतकी ठळक दिसत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. लोकांनी त्या वाक्याला चाल लावली. चौकात पोरं एकमेकांना धक्का देऊन म्हणायची, 'मला न्हाई दिसली!' आणि खिदळायची. व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी सगळं वाचलं, वाचू नये हे कळत असूनही. कुणी म्हणे माजलाय, कुणी म्हणे प्यालेला असणार. एकानं लिहिलं होतं, 'डोळे काय घरी ठेवून आला होतास का रे म्हाताऱ्या?' ज्या माणसानं कधी दारूला हात लावला नाही, त्याच्या घरासमोर कुणीतरी रिकामी बाटली फोडून गेलं. आईनं काचा गोळा केल्या आणि आप्पांना सांगितलं, मांजरानं बरणी पाडली.

शेवटी मी त्या बाईंचा पत्ता काढला. पद्मजा मगदूम. विश्रामबागेत राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. व्हिडिओ काढून टाका अशी विनंती करायची आणि नाही ऐकलं तर भांडायचं, असं ठरवून मी गेले.

दार उघडणारी बाई चाळिशीची, बारीक अंगाची, केस आखूड. बाहेरच्या खोलीत दोन सायकली होत्या. एक धुळीनं माखलेली, रोजच्या वापरातली. दुसरी भिंतीला टांगलेली, स्वच्छ पुसलेली.

"मी वैजयंता गुरव. ज्यांचा व्हिडिओ तुम्ही टाकलाय ना, त्यांची मुलगी."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "आत या. बसा."

मी बसले नाही. "माझ्या वडिलांची नोकरी गेली. घरावर बाटल्या फेकतायत लोक. ते खोटं बोलणारे नाहीत, ताई. आयुष्यात एक अपघात नाही त्यांच्या हातून."

"बाटल्या फेकणं चूक आहे. मी त्यावर आजच लिहिते. पण व्हिडिओ काढणार नाही." आवाज चढला नव्हता. "तन्वीच्या खांद्याचं हाड मोडलंय. अकरावीतली मुलगी आहे. आम्ही मागं नसतो तर ती चरीत पडून राहिली असती. बरोबरच्यांनी तिला उचललं आणि मी बसमागं सायकल मारली. तुमचे वडील थांबले नाहीत."

"त्यांना दिसली नाही ती."

"पिवळं जर्किन होतं तिच्या अंगात. दिवस उजाडला होता. समोर सरळ रस्ता. कशी दिसली नाही?"

त्यांनी भिंतीवरच्या सायकलकडं एकदा बघितलं.

"ही भरतची. माझा नवरा. आम्ही दोघं रोज सकाळी त्याच रस्त्यानं जायचो. थंडीचे दिवस होते. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून तो एकटा गेला. कवलापूरच्या अलीकडं, लिंबाच्या वळणावर कुणीतरी त्याला उडवलं. दूधवाल्याला दिसेपर्यंत तो चरीत पडून होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचवता आलं असतं. कुठली गाडी, कुणाची, दोन वर्षं झाली, अजून पत्ता नाही. माणूस जातो, हे मी समजू शकते हो. पण कुणीतरी त्याला पडलेलं बघितलं आणि पुढं गेलं. आरशात बघितलं असेल त्याला, हात हलवताना, काहीतरी. आणि गेलं. मला रात्रंदिवस तो बघणारा माणूस दिसतो. चेहरा नसलेला. म्हणून मी चेहरे दाखवते."

मी भांडायला गेले होते. तशीच परत आले.

एस.टी.त बसल्यावर मात्र त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. कशी दिसली नाही? आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. अलीकडं आप्पा घरातही मान सारखी इकडं-तिकडं वळवत चालायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं, मान आखडली असेल. उंबऱ्याशी दोनदा ठेचकाळले होते. देवळात ओळखीचा माणूस बाजूला उभा राहिला तरी बोलायचे नाहीत आणि लोक म्हणायचे, आप्पांना शिष्टपणा आलाय.

संध्याकाळी आप्पा जेवायला बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. आई समोर भाकरी थापत होती, तिच्याशी त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी माझा हात त्यांच्या कानापाशी नेला आणि सावकाश पुढं आणत गेले. गालाजवळ आणला. डोळ्याच्या कडेला आणला. आप्पा बोलतच होते. हात अगदी नाकासमोर आला तेव्हा ते दचकले.

"काय करतीयास गं?"

आईचे हात पिठात तसेच थांबले.

"कधीपासून, आप्पा?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कडंला जरा धुरकट व्हतं, एवढंच," ते म्हणाले. "मान वळवली की दिसतंय की. समोरचं तर झ्याक दिसतंय."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवलं असतं आन् त्यानं स्टेअरिंग सोड म्हनलं असतं, तर मी दुसरं काय करनार हुतो, वैजू? मला दुसरं काय येतंय?"

"आन् लायसनला तपासत न्हाईत व्हय?" आईनं विचारलं.

"डाक्टर सही करून देत्यात," आप्पा म्हणाले. "वर बी बघत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिरजेला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आप्पांना एका यंत्रापुढं बसवलं, आत ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. आप्पा इमानदारीनं वाट बघत बसले. बटण फारसं वाजलंच नाही.

"काचबिंदू आहे," बाई मला म्हणाल्या. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचंही मधलं तेवढं राहिलंय, नळीतून बघावं तसं. किमान तीन-चार वर्षांचं दुखणं आहे हे. काय काम करतात?"

"बस चालवतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायला थेंब देते. पण गाडी आजपासून बंद. सायकलसुद्धा."

खरं सांगते, परत येताना मला वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं. आप्पा खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच ती दिसली नव्हती.

"आता त्या बाईंना फोन करते," मी एस.टी.त म्हणाले. "म्हणावं, बघा, माझा बाप पळपुटा नाही. रिपोर्टच पाठवते त्यांना."

आप्पा पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसले होते.

"त्या बाईचा मालक कधी गेला म्हनलीस?"

"दोन वर्षं झाली. थंडीचे दिवस होते म्हणे."

"कुठं?"

"कवलापूरच्या अलीकडं. लिंबाच्या वळणावर."

"सकाळचंच न्हवं?"

"हो. सकाळी."

पुढं त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटलं, थकलेत. गाडी कवलापूर ओलांडून गेली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

सकाळी उठून बघते तर आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी चढवून बसलेले.

"चल. त्या बाईकडं जाऊ."

"मी फोनवर सांगते की, आप्पा. तुम्ही कशाला?"

"फोनवर सांगायचं न्हवं ते."

पद्मजाताईंनी दार उघडलं. आप्पांना बघून त्यांचा चेहरा ताठ झाला. मी घाईघाईनं काचबिंदूचं, डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या तशा मऊ होत गेल्या.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी व्हिडिओ काढते, काका. आत्ता काढते."

"ऱ्हाऊ दे त्यो," आप्पा म्हणाले. "पोरीचं हाड माझ्यामुळंच मोडलं. दिसत न्हवतं तर मी गाडीवर बसायला नको हुतं. त्याची माफी मागतो. पर मी दुसऱ्याच कामासाठी आलोय, ताई."

ते उभेच होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"दोन वर्षांमागं थंडीत, एका सकाळी माझ्या गाडीचा डाव्या अंगाचा आरसा मोडला. त्या लिंबाच्या वळणालाच. मला वाटलं फांदी लागली. कंपनीत पोचून बघितलं तर आरसा नुसता लोंबत हुता. मीच दुसरा बसवून घेतला. तुमच्या मालकाची बातमी पेपरात आलती, ती बी मी वाचल्याली. म्हनलं, कुनाचं तरी वाईट झालं. माझ्या मनाला शिवलं सुदीक न्हाई, ताई. काल डाक्टरीन बोलली तवा शिवलं."

आप्पांची बाही धरून ओढावी, त्यांना गप्प करावं, असं वाटलं. कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कधी कळणारही नव्हतं.

पद्मजाताई भिंतीला टेकल्या. "कुठला दिवस होता?"

"त्येच आठवत न्हाई. रातभर आठवून बघितलं. त्या आठवड्यात, का त्याच्या मागल्या, काय बी उमजत न्हाई."

"तुम्ही होता का ते? स्पष्ट सांगा. तुम्ही होता?"

"मला ठावं न्हाई," आप्पा म्हणाले. "असलो तर तुमच्यापुढं उभा हाय. नसलो तरी, असू शकलो असतो, एवढं खरं."

खोलीत पंखा फिरत होता. पद्मजाताईंनी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं, कितीतरी वेळ, जणू दोन वर्षं शोधत असलेला चेहरा त्यावर बसतो का ते ताडून बघत होत्या. मग हातानं तोंड झाकलं.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "कृपा करून जा."

आप्पा तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. मी अडवलं नाही, अडवून ते थांबले नसते. त्यांनी सगळं सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं, साहेबांनी वाचलं. आरसा मोडलेली ती जुनी बस त्याआधीच भंगारात गेलेली. व्हिडिओतली बस नंतरची, त्याच मालकाची. आरसा कुठं गेला ते कुणालाच सांगता येईना. त्या फेरीतल्या दोघा-तिघा कामगारांना बोलावलं, तर सगळे म्हणाले, साहेब, त्या वेळेला आम्ही झोपलेलो असतो. शेवटी साहेब म्हणाले, "आजोबा, घरी जावा. काही लागलं तर बोलावतो." त्यांनी कधी बोलावलं नाही.

घरी आम्ही वेगळ्याच भीतीनं वाट बघत होतो. ती बाई आता हे सगळं पानावर टाकणार. आई दारांना आतून कडी लावून बसायची. मी दिवसातून पन्नासदा 'वाट द्या' उघडून बघायचे. पण आप्पांचा व्हिडिओ तिथून गेला होता आणि पुढं काहीच आलं नव्हतं. पान गप्प होतं.

नंतर काय झालं ते इथंच सांगून टाकते. आप्पांची उरलेली नजर थेंबांनी काही वर्षं टिकली, मग तीही गेली. तन्वीचा खांदा बरा झाला. आप्पा तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांपुढं हात जोडून आले. भरत मगदूमना कुणी उडवलं ते आजतागायत कळलेलं नाही. आप्पांनी मात्र स्वतःला सोडलं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं, 'फांदीच असेल, आप्पा,' तर ते 'असंल' म्हणायचे, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. 'वाट द्या' पुन्हा सुरू झालं. पद्मजाताई व्हिडिओ टाकायच्या, नंबरही दाखवायच्या, पण चेहरे झाकायला लागल्या. आणि आधी त्या ड्रायव्हरला शोधून, समोर जाऊन विचारायच्या. काही जण शिव्या घालायचे. तरी जायच्या.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. पोलीस ठाण्यात जाऊन आल्याला महिना होत आला असेल. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते, मी शेंगा फोडत होते. फाटकापाशी सायकलचा ब्रेक वाजला. पद्मजाताई होत्या. घामाघूम झालेल्या, हातात हेल्मेट. सांगलीहून त्या रस्त्यानं, त्या वळणावरून आलेल्या.

"कोन हाय गं?" आप्पांनी विचारलं.

"मी पद्मजा. मगदूम."

आप्पा उठायला लागले. पद्मजाताईंनी हातानंच नको म्हटलं आणि पायरीवर बसल्या. आईनं पाणी आणून ठेवलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"एकच विचारायला आले, आप्पा. तुम्हीच होता असं मी धरत नाही. तुम्ही नव्हता असंही नाही. पण तुम्हालाच विचारू शकते, दुसरं कुणी नाही." त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. "आवाज कसा झाला होता?"

आप्पांना आधी कळलं नाही.

"आरसा मोडला तेव्हा. काहीतरी आवाज आला असेल ना?"

आप्पांनी टोपी काढली. त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची आणि थांबायची. चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून ते धडपडत होते, हे मला दिसत होतं.

"ल्हान हुता, ताई," ते म्हणाले. "लई ल्हान. वाळकी फांदी मोडावी तसा. म्हनून तर मी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

"ओरडल्याचा आवाज?"

"न्हाई. तसलं काय न्हाई आलं. आलं असतं तर मी थांबलो असतो. देवाशपथ, मी थांबलो असतो."

"लहान," पद्मजाताई म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "लहान." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. "मला रोज मोठा ऐकू येतो हो. रोज सकाळी. फार मोठा."

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. आप्पा टोपी दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले.

उन्हं उतरली तेव्हा त्या उठल्या. आप्पा मला म्हणाले, "फाट्यापतुर सोबत जा." मी त्यांच्याबरोबर निघाले. त्या सायकल हातानं ढकलत चालल्या होत्या. फाटा आला, पुढं सांगलीचा रस्ता लागला.

"अंधार पडायच्या आत पोचायला हवं, ताई," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. आणि सायकल हातात धरून चालतच राहिल्या.